काचेच्या महालाचा ताळेबंद

१ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते एका महाप्रदर्शनाचे उद्घाटन झाले. जगातील सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे दर्शन एका छताखाली घडवावे, ही त्यामागील कल्पना होती. ज्या वास्तूत हे प्रदर्शन भरले, तिची लांबी सुमारे अठराशे पन्नास फूट होती आणि तिला जवळजवळ तीन लाख काचा बसवलेल्या होत्या. तिचा आराखडा जोसेफ पॅक्स्टन या उद्यानतज्ज्ञाने केला होता. नाजूक वनस्पतींसाठी काचेची घरे बांधताना मिळालेला अनुभव त्याने येथे पणाला लावला. लोखंडाचे आणि काचेचे एकाच मापाचे भाग कारखान्यात तयार करायचे आणि जागेवर आणून जोडायचे, ही त्याची रीत. त्यामुळे अवघ्या काही महिन्यांत हा महाल उभा राहिला. सुमारे १४ हजार प्रदर्शक, एक लाखाहून अधिक वस्तू आणि साडेपाच महिन्यांत झालेल्या ६० लाख भेटी, असा हा सारा पसारा होता. 'क्रिस्टल पॅलेस' या नावाने ही वास्तू जगात गाजली.

त्यानंतर अशा प्रदर्शनांची रांगच लागली. पॅरिस १८५५, लंडन १८६२, पुन्हा पॅरिस १८६७, व्हिएन्ना १८७३, फिलाडेल्फिया १८७६, परत पॅरिस १८७८ आणि १८८९, शिकागो १८९३. आज जगभर भरणारे भव्य औद्योगिक मेळे आणि 'एक्स्पो' हे याच परंपरेचे वारसदार आहेत. म्हणून या प्रदर्शनांचा हेतू काय होता आणि त्यांतून कोणाच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मांडणे ही निव्वळ इतिहासाची हौस नव्हे. हिंदुस्थानचे वस्त्र, हिंदुस्थानचा कारागीर आणि हिंदुस्थानचा कोहिनूर, सारे काही त्या दालनांत मांडले गेले होते. त्यामुळे हा हिशेब आपल्याही घरचा आहे.

प्रदर्शनाचा जाहीर हेतू उदात्त होता. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांचे सहकारी हेन्री कोल यांनी ते मानवजातीच्या एकतेचे आणि शांततेचे पर्व म्हणून जगापुढे मांडले. राष्ट्रांनी रणांगणाऐवजी उद्योगाच्या मैदानात स्पर्धा करावी, ही भाषा कानाला गोड वाटणारी होती. परंतु काळ लक्षात घेतला पाहिजे. १८४६ मध्ये ब्रिटनने धान्यावरील संरक्षक कायदे रद्द करून मुक्त व्यापाराचा मार्ग धरला होता. १८४८ मध्ये युरोपभर क्रांतीच्या ज्वाळा उठल्या होत्या आणि लंडनमध्येही कामगारांच्या मोर्चाने सत्ताधाऱ्यांची झोप उडवली होती. यंत्रयुगाचे लाभ सर्वांनाच मिळणार आहेत, हे स्वतःच्या कामगारवर्गाला पटवून द्यायचे आणि आपल्या मालासाठी जगाची बाजारपेठ खुली करायची, हे दोन हेतू त्या शांतिपर्वाच्या पोटात होते. एका शिलिंगाच्या तिकिटाचे दिवस ठरवले गेले, रेल्वेच्या सवलतीच्या सहली निघाल्या आणि ज्या गर्दीची सरकारला धास्ती होती, ती शिस्तीत प्रदर्शन पाहून घरी परतली. पहिला हेतू तर तेथेच साधला.

ब्रिटनचे खरे शहाणपण मात्र प्रदर्शनाच्या झगमगाटात नव्हे, तर नंतर केलेल्या आत्मपरीक्षणात दिसले. आपल्याच अंगणात भरवलेल्या मेळ्यात आपण कोठे कमी पडतो, हे त्याने डोळसपणे टिपले. अमेरिकेच्या दालनात मांडलेल्या बंदुकांचे भाग एकमेकांच्या जागी अचूक बसत होते. ती कारागिरी हाताची नव्हती, यंत्राची होती. ब्रिटनने अमेरिकेत तज्ज्ञांची समिती पाठवली आणि एन्फील्डच्या सरकारी शस्त्रकारखान्यासाठी अमेरिकन यंत्रे मागवली. लायन प्लेफेअर या रसायनशास्त्रज्ञाने तंत्रशिक्षणात युरोप खंड आपल्या पुढे जात असल्याचा इशारा लगोलग दिला. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर त्याने पुन्हा बजावले की, ९० वर्गांपैकी जेमतेम डझनभर वर्गांतच ब्रिटनचे श्रेष्ठत्व निर्विवाद उरले आहे. या इशाऱ्यावर देशात खळबळ माजली आणि संसदेला वैज्ञानिक शिक्षणाच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. विजयाच्या शिखरावर असताना स्वतःच्या उणिवा मोजणे, ही साधी गोष्ट नव्हे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पैशाची. प्रदर्शन संपले तेव्हा सारा खर्च वजा जाता सुमारे १ लाख ८६ हजार पौंड शिल्लक राहिले. ही रक्कम समारंभात उधळली गेली नाही. तिच्या आधाराने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात सुमारे ८७ एकर जमीन घेण्यात आली. आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि इंपीरियल कॉलेज या संस्था तेथेच उभ्या राहिल्या. प्रदर्शनासाठी नेमलेला शाही आयोग विसर्जित न करता कायम ठेवला गेला आणि तो आजही संशोधकांना शिष्यवृत्त्या देत आहे. रुदरफोर्ड, चॅडविक आणि डिरॅक ही अणुविज्ञानातील नावे या शिष्यवृत्तीधारकांच्या यादीत आहेत. त्याच यादीत होमी भाभा यांचेही नाव आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिजमध्ये संशोधन करताना त्यांना हीच शिष्यवृत्ती मिळाली होती. पुढे १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. शिलिंगाच्या तिकिटांतून जमलेली शिल्लक सुमारे नव्वद वर्षांनंतर एका भारतीय शास्त्रज्ञाच्या उपयोगी पडली. संस्थात्मक दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

ताळेबंदाची ही जमेची बाजू झाली. आता दुसरे पान उलटले पाहिजे.

हिंदुस्थानचे दालन ईस्ट इंडिया कंपनीने सजवले होते. त्रावणकोरच्या महाराजांनी पाठवलेले हस्तिदंती सिंहासन, पेंढा भरलेल्या हत्तीवर चढवलेली अंबारी, काश्मीरच्या शाली, मलमल, किनखाब हे सारे पाहायला प्रेक्षकांची रीघ लागे. कोहिनूर तर प्रदर्शनाचे मुख्य आकर्षण होता. १८४९ मध्ये पंजाब खालसा करताना दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून करारान्वये तो घेण्यात आला होता. परंतु हिंदुस्थानी पद्धतीने पैलू पाडलेला हा हिरा इंग्रज प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरेना. पुढच्याच वर्षी तो नव्याने कापण्यात आला आणि त्याचे वजन १८६ कॅरेटवरून सुमारे १०५ कॅरेटवर आले. जे हस्तगत केले, ते आपल्या आवडीप्रमाणे घडवून घ्यायचे, ही साम्राज्याची वृत्ती या एका उदाहरणातून जितकी स्पष्ट होते, तितकी अनेक ग्रंथांतूनही होणार नाही.

हिंदुस्थानच्या कारागिरीचे कौतुक मात्र खरे होते. यंत्रावर तयार झालेला युरोपचा भडक, बेढब माल आणि शेजारीच मांडलेले हिंदुस्थानी विणकराचे संयत रंगभान, हा फरक जाणत्यांच्या नजरेतून सुटला नाही. ओवेन जोन्ससारख्या कलातज्ज्ञाने नक्षीकामाची तत्त्वे युरोपने येथून शिकावीत, असे आग्रहाने सांगितले. इंग्रज विद्यार्थ्यांना नमुना म्हणून दाखवण्यासाठी प्रदर्शनातील हिंदुस्थानी वस्तू खरेदी करण्यात आल्या आणि त्याच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहाचा पाया ठरल्या. पण या कौतुकाने विणकराच्या घरची चूल पेटली का? त्याच काळात लँकेशायरचे कापड हिंदुस्थानच्या बाजारपेठा व्यापत होते. एका हाताने पदक द्यायचे आणि दुसऱ्या हाताने माग बंद पाडायचा, असा हा व्यवहार होता.

या व्यवहाराचा सर्वात बोलका पुरावा १८६६ चा आहे. जॉन फोर्ब्स वॉटसन हा लंडनमधील इंडिया म्युझियमचा प्रमुख. पुढे अनेक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांतील हिंदुस्थानी विभाग त्याच्याच देखरेखीखाली भरले. त्याने हिंदुस्थानातील धोतरे, साड्या, पागोटी, लुगडी यांच्या कापडाचे ७०० नमुने कापून १८ खंडांत चिकटवले. प्रत्येक नमुन्याची लांबी, रुंदी, वजन आणि मूळ गाव यांची नोंद केली. अशा २० प्रती तयार झाल्या. त्यांपैकी १३ ब्रिटनमधील औद्योगिक शहरांना देण्यात आल्या आणि ७ हिंदुस्थानात ठेवण्यात आल्या. हेतू लपवलेला नव्हता. हिंदुस्थान हे मोठे गिऱ्हाईक होऊ शकते, मात्र त्याला काय रुचते हे गिरणीमालकाला ठाऊक हवे, हे वॉटसनने उघडपणे लिहिले आहे. ज्या विणकराच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या एखादा काठ, एखादा पदर जपला, त्याचे ज्ञान अशा रीतीने पोथीबद्ध होऊन त्याच्या स्पर्धकाच्या टेबलावर पोहोचले. त्याला कोणी विचारले नाही आणि त्या ज्ञानाचे मोलही दिले नाही.

याच्याशी व्हिएन्नाची घटना ताडून पाहावी. १८७३ च्या प्रदर्शनात आपली यंत्रे मांडण्यास अनेक परदेशी संशोधकांनी नकार दिला, कारण आपल्या कल्पनांची चोरी होईल, अशी त्यांना भीती होती. त्या भीतीची दखल घेतली गेली. दहा वर्षांच्या वाटाघाटींनंतर १८८३ मध्ये औद्योगिक संपदेच्या संरक्षणासाठी पॅरिस करार झाला. आजच्या जागतिक पेटंट व्यवस्थेचा तो पाया मानला जातो. म्हणजे युरोपातील यंत्रज्ञाची कल्पना ही मालमत्ता ठरली आणि तिच्या रक्षणासाठी राष्ट्रे एकत्र बसली. त्याच पिढीत पैठणच्या, ढाक्याच्या किंवा काशीच्या विणकराची कल्पना मात्र कोणीही उचलावी अशी सार्वजनिक वस्तू ठरली. ज्याच्या पाठीशी राज्यसत्ता, त्याच्या बुद्धीला संरक्षण, हा त्या शतकाचा न्याय होता.

१८८६ मध्ये लंडनला भरलेल्या वसाहती आणि हिंदुस्थान प्रदर्शनात तर कारागीरच मांडले गेले. गालिचे विणणारे, कुंभार, तांबट आदी तीसहून अधिक कारागीर तेथे प्रेक्षकांसमोर काम करीत बसत. पिढीजात हस्तकलेचे प्रतिनिधी म्हणून त्यांची ओळख करून दिली गेली. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक जण आग्र्याच्या तुरुंगात हे काम शिकलेले कैदी होते. राणीने त्यांची चित्रे काढून घेतली आणि ती तिच्या ऑस्बोर्न येथील निवासस्थानी लावली. याच प्रदर्शनासाठी सरकारी प्रतिनिधी म्हणून गेलेले बंगालचे त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय हे विद्वान गृहस्थ. वस्तू पाहायला आलेली गर्दी आपल्याकडेच वस्तू म्हणून कशी पाहत असे, हे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात मिश्किल पण बोचऱ्या शब्दांत नोंदवले आहे.

कौतुकाच्या मर्यादा जॉर्ज बर्डवुड यांच्या उदाहरणावरून कळतात. बेळगावात जन्मलेल्या, मुंबईत वैद्यकीची सेवा केलेल्या आणि तेथील सरकारी संग्रहालय सांभाळलेल्या या इंग्रजाने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने हिंदुस्थानी हस्तकलांवर अत्यंत आस्थेने लिहिले. यंत्रामुळे त्यांचा घात होत आहे, याचे त्यांना मनापासून दुःख होते. परंतु हिंदुस्थानात ललितकला अशी नाहीच, असेही हेच बर्डवुड म्हणत. १९१० मध्ये तर त्यांनी ध्यानस्थ बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांनी या दृष्टीचा खंबीरपणे प्रतिवाद केला. हाताचे कौशल्य मान्य, पण त्यामागील प्रज्ञा अमान्य, ही प्रदर्शनांनी रुजवलेली दृष्टी होती. त्या दृष्टीचा वारसा मालाच्या लुटीपेक्षा अधिक काळ टिकला आणि आपल्याही सुशिक्षितांच्या मनात घर करून बसला.

तथापि, सारा दोष परकीयांच्या माथी मारून मोकळे होणे हा इतिहासाचा अभ्यास नव्हे. आपल्या पूर्वजांनी या प्रदर्शनांतून काय उचलले, हेही पाहिले पाहिजे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये मुंबईत कला व उद्योगशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी वस्तू गोळा करताना त्यांच्या जोडप्रती मुंबईत ठेवण्यात आल्या. त्यांतून जे संग्रहालय वाढले, त्याला जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी बळ दिले. १८७२ मध्ये भायखळ्याच्या उद्यानात ते खुले झाले आणि १९७५ पासून ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून १८८८ चे औद्योगिक प्रदर्शन, १८९० ची औद्योगिक परिषद आणि त्याच सुमारास औद्योगिक वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तेच आजचे महात्मा फुले वस्तुसंग्रहालय. हिंदुस्थान हा कच्च्या मालाचा पुरवठादार होऊन बसला आहे, हे रानडे यांनी स्पष्टपणे मांडले. पण ते रडगाणे गात बसले नाहीत. भांडवल, पतपुरवठा, संघटन आणि तंत्रशिक्षण यांची मागणी त्यांनी केली. १९०१ च्या कोलकाता अधिवेशनापासून काँग्रेसच्या मंडपाशेजारी औद्योगिक प्रदर्शन भरू लागले. १९०२ मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनाचे उद्घाटन करताना सयाजीराव गायकवाड यांनी देशाच्या औद्योगिक दुरवस्थेची परखड मीमांसा केली. परक्याचे साधन घेऊन त्यात स्वदेशीचा प्राण ओतण्याचे हे काम होते.

१८९३ चे शिकागो तर भारतीयांच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले आहे. स्वामी विवेकानंद ज्या सर्वधर्मपरिषदेत बोलले, ती परिषद त्याच वर्षीच्या शिकागो विश्वप्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. प्रदर्शनाला निघालेले जमशेटजी टाटा आणि स्वामीजी यांनी योकोहामाहून एकाच बोटीने प्रवास केला. पाच वर्षांनी, २३ नोव्हेंबर १८९८ रोजी, जमशेटजींनी स्वामीजींना पत्र लिहून त्या भेटीची आठवण दिली आणि आपल्या नियोजित संशोधनसंस्थेच्या कार्यात साहाय्य मागितले. ती संस्था बेंगळुरूला १९०९ मध्ये साकार झाली. शिकागोची दालने पाहून हजारो लोक परतले असतील. जमशेटजी मात्र यंत्रामागील विज्ञान आपल्या देशात रुजले पाहिजे, हा निश्चय घेऊन वावरले. प्रदर्शन पाहावे कसे, याचा हा वस्तुपाठ आहे.

आज भारत प्रदर्शनातील वस्तू राहिलेला नाही, तो स्वतः यजमान आहे. दिल्लीत २०२३ मध्ये 'भारत मंडपम्' उभे राहिले. दुबईच्या आणि २०२५ मधील ओसाकाच्या एक्स्पोत भारताची स्वतंत्र दालने होती. हे अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु जुने प्रश्न संपलेले नाहीत. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे एका बड्या फॅशन कंपनीने कोल्हापुरी चपलांसारखी पादत्राणे कोल्हापूरचे नावही न घेता रंगमंचावर आणली. महाराष्ट्रात संताप उसळला, तेव्हा कुठे त्या कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेले होते. त्याविषयीचा कायदा १९९९ मध्ये झाला आणि २००३ पासून तो अमलात आहे. म्हणजे कायदा आहे, मानांकन आहे, तरीही वॉटसनच्या खंडांची आठवण यावी असा प्रसंग घडतो. मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावल्याने चर्मकाराच्या घरात दोन पैसे अधिक येत नाहीत. त्यासाठी विपणन, नोंदणी, कायदेशीर पाठपुरावा आणि कारागिरांची स्वतःची संघटना लागते.

म्हणून कोणत्याही प्रदर्शनाचे मूल्यमापन उद्घाटनाच्या दिवशीची गर्दी आणि स्वाक्षऱ्या झालेल्या करारांचे आकडे यांवरून होऊ नये. मंडप उतरल्यावर काय उरले, हा खरा निकष आहे. प्रत्येक मोठ्या प्रदर्शनाच्या शिलकीतून एखादी कार्यशाळा, एखादी शिष्यवृत्ती, एखादे जिवंत संग्रहालय उभे राहते का? त्यात आलेल्या विणकराला आणि तांबटाला वर्षभराचे काम मिळते का? आपल्या उणिवांचा अहवाल आपण प्रामाणिकपणे प्रसिद्ध करतो का? आपल्या वस्त्रपरंपरेचे, धातुकामाचे, चर्मकलेचे जिल्हावार दस्तऐवजीकरण झाले, तर ते कोणाच्या हाती राहील? वॉटसनने ते काम केले, पण गिरणीमालकासाठी केले. तेच काम आता कारागिरासाठी आणि त्याच्या संमतीने झाले पाहिजे. हे सरकारनेच करावे असेही नाही. व्यापारी संघ, महाविद्यालये, सहकारी संस्था, आणि सणासुदीला खरेदी करताना विणकराचे गाव विचारणारी कुटुंबे, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे.

हाइड पार्कमधील तो काचेचा महाल पुढे सिडनहॅम येथे हलवण्यात आला आणि ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आगीत भस्मसात झाला. त्याच्या शिलकीतून उभ्या राहिलेल्या विद्यासंस्था मात्र आजही चालू आहेत. काच तडकते, लोखंड वितळते, ज्ञानाची गुंतवणूक टिकते. व्हिक्टोरियन इंग्लंडने हे ओळखले आणि आपल्या पुढील पिढ्यांची सोय केली. त्याच काळात आपल्या कारागिराचे जे गेले, त्याची भरपाई आता कोणी परका करणार नाही. ती करण्याचे सामर्थ्य आणि कर्तव्य दोन्ही स्वतंत्र भारताचे आहे.